बर्डीवरची ४१ वर्षांची नऊ मजली बिल्डिंग, पाडायची की दुरुस्त करायची?

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण रविवारी आमच्या बिल्डिंगची मीटिंग आहे, तिथे हात वर करायचाय आणि कुठल्या बाजूनं करायचा ते मला अजून ठरवता येत नाहीये.

आमची बिल्डिंग नागपूरच्या सीताबर्डीत, मेन रोडपासून थोडी आत, झाशी राणी चौकाच्या बाजूला. १९८४ ची. खाली दुकानं, पहिल्या दुसऱ्या माळ्यावर ऑफिसं (दोन डॉक्टर, सीए लोक, एक ट्यूशन क्लास) आणि तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत फ्लॅट. २८ फ्लॅट, १४ दुकानं, ११ ऑफिसं, एकूण ५३ जण. बाबांनी काम चालू असतानाच पीएफमधून पैसे काढून बुक केला होता. तेव्हा बर्डीत एवढी उंच बिल्डिंग म्हणजे नवलच, महाल भागातले नातेवाईक खास लिफ्टमध्ये बसायला यायचे असं आई सांगते. मी इथेच लहानाची मोठी झाले. गच्चीवरून सीताबर्डीचा किल्ला सरळ समोर दिसतो, १५ ऑगस्ट २६ जानेवारीला तो लोकांसाठी उघडला की वर चढणाऱ्यांची रांग आम्ही गच्चीतून बघायचो, आणि दसऱ्याला रात्रभर दीक्षाभूमीकडे पायी चाललेली माणसं, पांढरे कपडे, खांद्यावर लेकरं, ते तर बाल्कनीतूनच दिसायचं.

आता अडचण. पाचव्या माळ्याच्या पॅसेजमधे छताचं प्लास्टर पडलं, सकाळी सहाची वेळ होती म्हणून कोणाला लागलं नाही. आतली सळई पूर्ण गंजलेली दिसते. बाथरूमच्या डक्टमधे पिंपळ उगवलेत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी शिरलं तेव्हा आमचं बेसमेंट छतापर्यंत भरलं, दुकानवाल्यांची गोदामं आणि वीजेचं पॅनल तिथेच, त्यामुळे सहा दिवस लिफ्ट नाही, पंप नाही. आई ७४ ची, गुडघे गेलेले, ती सहा दिवस खाली उतरली नाही, मी आणि शेजारचा मुलगा बादल्यांनी पाणी चढवत होतो.

त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट केलं. रिपोर्टमधे सी२-बी असं लिहिलंय आणि दुरुस्तीचा अंदाज १ कोटी ९० लाख. म्हणजे सरासरी काढली तर प्रत्येकी साडेतीन लाखाच्या वर. अर्ध्या लोकांकडे तेवढे नाहीत, पेन्शनवरचे बरेच आहेत. आणि याच वेळी एक बिल्डर आला, तो म्हणतो सगळं पाडून २२ मजली बांधतो, प्रत्येकाला २० टक्के जास्त कार्पेट, ३६ महिने भाडं, कोणाच्या खिशातून एक रुपया नाही. निम्मी बिल्डिंग त्याच्याच बाजूनं झालीय.

मला वाटतं बिल्डिंग टिकावी. हे नुसतं आठवणींमुळे म्हणत नाही. पॅसेजला पूर्ण उंचीची सिमेंटची जाळी आहे, खोल छज्जे आहेत, मे महिन्यात बाहेर ४६ असताना सुद्धा आमच्याकडे एका कूलरवर दुपार निघते. पण मी रोज इथे राहत नाही, मी पुण्याला असते, राहते ती आई. म्हणून माझं मत किती धरायचं हे पण कळत नाही. ज्यांनी यातून जाऊन पाहिलंय त्यांनी सांगा.

खडी_वाळू

ताई, मी स्ट्रक्चरचंच काम करतो, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी नागपुरातल्या जुन्या बिल्डिंगच्या रिपेअरमधे गेली. पहिले एक गोष्ट क्लियर करतो. सी२-बी म्हणजे बिल्डिंग पाडा असा अर्थ होत नाही. सी१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब खाली करा. सी२-ए म्हणजे लोकांना बाहेर काढून मोठी दुरुस्ती. सी२-बी म्हणजे लोक राहत असतानाच स्ट्रक्चरल दुरुस्ती करता येते. सी३ म्हणजे किरकोळ. तर जो कोणी मीटिंगमधे "ऑडिटमधे बिल्डिंग फेल झाली" म्हणेल त्याला हे वाचून दाखवा.

पण रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास पण ठेवू नका, आणि हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल म्हणतोय. आधी पहा त्यात टेस्ट कोणत्या केल्या. बऱ्याच रिपोर्टमधे हातोडी (रिबाउंड हॅमर) मारून फोटो चिकटवलेले असतात, बस. हॅमर फक्त वरचा थर सांगतो, आणि जुन्या काँक्रीटमधे तर उलट जास्त आकडा दाखवतो कारण कार्बोनेशननं वरचा थर कडक होतो. तुम्हाला पाहिजे ते म्हणजे अल्ट्रासॉनिक (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग साधारण साडेतीन किमी प्रति सेकंदाच्या वर असला तर काँक्रीट चांगलं धरतात), हाफ सेल (आतली सळई गंजतेय का ते सांगणारी टेस्ट), कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रत्यक्ष ताकद, आणि कार्बोनेशनची खोली.

कार्बोनेशन सोप्या भाषेत सांगतो कारण ४१ वर्षाच्या बिल्डिंगचा सगळा फैसला यावर आहे. नवीन काँक्रीट खूप अल्कलाइन असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही, तिच्यावर एक पातळ संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि ते अल्कलाइनपण खलास करतो. ज्या दिवशी हा बदल सळईपर्यंत पोचला त्या दिवसापासून ओलावा मिळाला की गंज सुरू, आणि गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, म्हणून ते काँक्रीटला आतून फोडतं. तुमच्या पाचव्या माळ्यावर तेच झालं. टेस्ट स्वस्त आहे, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारायचं, जिथे गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून जिवंत, जिथे रंगच आला नाही तिथे गेलेलं. कॉलममधे सळईवर काँक्रीटचं साधारण ४० मिमी कव्हर असायला पाहिजे. समजा कार्बोनेशन १५ मिमी गेलंय तर कॉलमला बराच वेळ आहे. ४० च्या पुढे गेलं असेल तर गोष्ट बदलते.

दुसरं, १९८४ ची बिल्डिंग म्हणजे बहुतेक एम १५ काँक्रीट (एम म्हणजे ताकदीची ग्रेड, आकडा मोठा तेवढं मजबूत), तेव्हाच्या कोडमधे ते चालत होतं, २००० च्या कोडनंतर आरसीसीला कमीत कमी एम २० झालं. आणि सळई टॉरची (जुनी, पीळ दिलेली) असणार. त्यामुळे आजच्या हिशोबानं ती कमीच दिसेल, पण जी बिल्डिंग ४१ वर्षं तोच लोड घेऊन उभी आहे तिला फक्त त्या एका कारणानं मोडीत काढणं मला पटत नाही.

आणि आता खास आपल्या नागपूरचं एक सांगतो. तुम्ही कूलरचं लिहिलं ना, तोच कूलर छज्जा खातो. मी जिथे जिथे छज्जे पडलेले पाहिले त्यातल्या बहुतेक ठिकाणी वर कूलरचं स्टँड होतं. मार्च ते जून रोज बोअरचं खारं पाणी ठिपकत राहतं, चाळीस उन्हाळे, आणि टाकी भरलेल्या कूलरचं वजन छज्जाच्या टोकावर. आतले कॉलम बीम बरे असतात आणि बाहेरची किनार सडलेली असते, लोक खालून ती किनार पाहतात आणि म्हणतात बिल्डिंग गेली. तुमच्याकडे नुकसान कुठे आहे त्याचा माळ्यानुसार नकाशा बनवून मागा. छज्जे, टॉयलेट डक्ट आणि गच्ची एवढंच असेल तर बिल्डिंग वाचते. बेसमेंटमधले कॉलम खराब असतील तर मात्र मी काहीच न पाहता बोलणार नाही.

इतवारीचा_भाऊ

ताई मी तुम्हाले भेव दाखवून नाही राहिलो पण आमच्या घरचं सांगतो. बहिणीची बिल्डिंग, नाव नाही घेत, तीन माळ्याची होती, १२ फ्लॅट. बिल्डर आला, गोड बोलला, सगळ्यायनं सह्या केल्या. चौदा महिने भाडं बरोबर एक तारखेले आलं. पंधराव्या महिन्यात बंद. फोन केला तर साहेब साइटवर आहे, साइटवर गेलो तर साहेब ऑफिसात आहे. जुनी बिल्डिंग तर पाडूनच टाकली होती, जागेवर पाणी भरलेला खड्डा अन् चार सळाखी. सहा वर्षं झाले. जिजाजी रिटायर झाले, भाचीचं लग्न भाड्याच्या घरातून केलं, अन् ज्या फ्लॅटचं लोन फेडलं होतं तो फ्लॅट जगात नाही. दोन म्हाताऱ्या लोकायनं तर नवीन घर पाहिलंच नाही, ते गेले.

कोर्टात केस आहे, तारीख पडून राहिली. म्हणून माह्यं एकच म्हणणं हाय, घराची किल्ली हातातून सोडण्याआधी हजार वेळा विचार करा. आईचं वय ७४ आहे म्हणता, ३६ महिने कागदावर असते. कुठी ठेवसान आईले? बर्डीत लिफ्टवाला फ्लॅट किरायानं भेटणं सोपं नाही.

नकाशा_मंजुरी

इतवारीच्या भाऊंच्या बहिणीसोबत झालं ते वाईट झालं, पण ती तीन मजली बिल्डिंग होती, तिथे निदान बिल्डरला कमवायला जागा होती. नऊ मजल्याचं गणित वेगळंच आहे आणि ते कोणी मांडत नाहीये म्हणून मी मांडतो. मी नकाशे मंजुरीचं काम करतो.

रिडेव्हलपमेंट फुकटात कशी होते? जुनी बिल्डिंग प्लॉटच्या हक्काच्या एफएसआयपेक्षा (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) कमी बांधलेली असते, उरलेला एफएसआय बिल्डर बांधून विकतो, त्या पैशात तुमचं घर निघतं. जादू नाही काही. आता तुमची बिल्डिंग आधीच नऊ मजली. उदाहरण म्हणून धरा प्लॉट १,००० चौरस मीटर आणि आजचं बांधकाम ३,०००, म्हणजे ३ वापरून झाला. मेट्रोच्या दोन्ही बाजूला ५०० मीटरपर्यंत टीओडीमधे (मेट्रोलगत जास्त बांधू देणारा नियम) रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार पाहून जास्तीत जास्त ४ पर्यंत एफएसआय जातो. सीताबर्डी इंटरचेंज जवळ म्हणून बिल्डर बहुतेक याच्याच जोरावर बोलतोय. पण ४ हा मोठ्या प्लॉटला आणि रुंद रस्त्याला. तुमचा रस्ता आतला आहे. समजा ३.५ मिळाला. म्हणजे ३,५००. तुम्हाला परत द्यायचे ३,००० अधिक २० टक्के, ३,६००. विकायला काय उरलं? वजा शंभर.

हो, वर ॲन्सिलरी म्हणजे जोडीचा जादा एफएसआय मिळतो, युडीसीपीआरमधे (राज्याची बांधकाम नियमावली, २ डिसेंबर २०२० पासून लागू) निवासीला ६० टक्के आणि कमर्शियलला ८० टक्के, पण प्रीमियम भरून, आणि आता जिना लिफ्ट पॅसेज बाल्कनी हे सगळं एफएसआयमधे मोजतात जे १९८४ मधे मोजत नव्हते, तर त्यातला मोठा भाग तिथेच जातो. जुन्या बिल्डिंगसाठी जादाचा पण आहे. हे सगळं जोडूनही २२ मजले कुठून आले हे त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा. उंची वाढली की बाजूची मोकळी जागा जास्त सोडावी लागते, फायरची गाडी फिरायला ६ मीटर रस्ता आतच पाहिजे, ५३ युनिटची गाड्यांची पार्किंग आजच्या नियमानं दाखवावी लागते. बर्डीतल्या प्लॉटवर हे सगळं मावत नाही. मग प्लॅन अर्धवट सुधारत बसतात, दोन वर्षं त्यातच जातात.

अजून काही गोष्टी ज्या मीटिंगआधी कळल्या पाहिजेत:

जमीन कोणाची? बर्डीत नझूलचा (सरकारी जमिनीचा) पट्टा असू शकतो, नाहीतर नागपूर सुधार प्रन्यासची लीज. पट्टा संपला असेल, नूतनीकरण झालं नसेल तर आधी ते. यात वर्ष जाताना मी पाहिलंय.

तुमची नोंदणी सोसायटी म्हणून आहे की अपार्टमेंट म्हणून? आपल्याकडे बहुतेक बिल्डिंग १९७० च्या अपार्टमेंट ॲक्टखाली आहेत, डीड ऑफ डिक्लरेशन (मालकांचे हिस्से आणि नियम लिहिलेला नोंदणीचा कागद) वाल्या. सोसायटीला सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ४ जुलै २०१९ ची, त्यात ५१ टक्के संमती, निबंधकाचा प्रतिनिधी, व्हिडिओ शूटिंग, बिल्डरकडून २० टक्के बँक गॅरंटी असं सगळं आहे. ते तुम्हाला जसंच्या तसं लागू होतंय असं धरून चालू नका. डिक्लरेशन वकिलाला दाखवा. लागू नसलं तरी बँक गॅरंटी करारात घालून मागा, आणि जो बिल्डर गॅरंटी म्हटल्यावर उठून जातो त्याला जाऊ द्या.

किल्ला लष्कराकडे आहे, तुम्ही म्हणता गच्चीतून समोर दिसतो, तर उंच बांधायचं असेल तर त्यांची एनओसी लागेल का ते विचारा. विमानतळाची उंचीची एनओसी वेगळी.

एवढं सगळं बघितल्यावर माझं मत, पाडणं हे तुमच्याकडे आर्थिकदृष्ट्या बसतच नाही. बिल्डर एकतर नंतर शब्द फिरवेल नाहीतर पाडून अडकेल.

काँक्रीटची_जाळी

मी आर्किटेक्चर शिकतेय, शेवटचं वर्ष, आणि मला ताईंची ती जाळी वाचून खरंच भरून आलं. आपल्या शहराच्या हेरिटेज लिस्टमधे काय आहे, हायकोर्ट, विधानभवन, जीपीओ, झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, भोसल्यांच्या काळातली देवळं वाडे. सगळं बरोबर आहे, ते असायलाच पाहिजे. पण १९६० ते १९९० मधे आपल्याच लोकांनी आपल्या उन्हाचा विचार करून जे काँक्रीटमधे बांधलं त्याची कुठे नोंद नाही. खोल छज्जा, पश्चिमेला जिना आणि टॉयलेट टाकून बेडरूमला सावली देणं, आरपार वारा. ते आम्हाला आता पुस्तकात "क्लायमेट रिस्पॉन्सिव" म्हणून शिकवतात आणि बाहेर रस्त्यावर तेच पाडून काचेच्या बिल्डिंग होताहेत ज्यात एसी बंद पडला की दहा मिनिटं बसवत नाही.

दिल्लीच्या प्रगती मैदानातलं प्रदर्शनाचं सभागृह, हॉल ऑफ नेशन्स आठवा. १९७२ चं, राज रेवाल यांचं डिझाइन, इंजिनियर महेंद्र राज, मधे खांब नसलेली, मोठ्या स्पॅनची काँक्रीटची स्पेस फ्रेम (दांड्यांची त्रिमितीय जाळी). एप्रिल २०१७ मधे रात्रीतून पाडलं. तिथल्या हेरिटेज कमिटीनं काय सांगितलं, ६० वर्षं पूर्ण झालेल्याच इमारतींचा विचार होईल. म्हणजे पंचेचाळीस वर्षाची इमारत जुनी म्हणून पाडायला पण चालते आणि नवी म्हणून वाचवता पण येत नाही. तुमच्या बिल्डिंगचं वय नेमकं त्याच मधल्या पट्ट्यात आहे.

उलटं उदाहरण पण आहे, नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग, १९७४ ची, २३ मजली. राज्य सरकारनं ती २०२३ मधे १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, ऑफिसांसाठी. उभी बिल्डिंग वापरायची हा विचार केला. तुमची बिल्डिंग कोणा प्रसिद्ध माणसानं केलेली नसेल, पण ती चांगली चालतेय हे तुम्हीच लिहिलंय. आणि पाडायचं तर पाडणार कशी? नोएडाचे ट्विन टॉवर २८ ऑगस्ट २०२२ ला ३,७०० किलो स्फोटकं लावून पाडले, सुमारे ८० हजार टन मलबा. बर्डीत तसं अशक्य, वरून एकेक माळा ब्रेकरनं फोडत यावा लागेल, शेजारच्या भिंतीला भिंत लागून दुकानं आहेत, कित्येक महिने धूळ आणि हादरे. त्या मलब्यातलं सिमेंट, लोखंड एकदा तयार करताना जेवढा कोळसा जळायचा तो जळून गेलाय, ते फेकून परत तेवढंच जाळायचं.

काही नाही झालं तरी ताई, त्या जाळीचे, जिन्याचे, मोझॅकचे फोटो आणि मोजमाप घेऊन ठेवा. मी आणि माझे दोन मित्र येऊन मोजून देऊ, पैसे नको.

पायऱ्या_१४२

वरचं सगळं वाचलं. सगळे शिकलेले लोक आहात, पटणारं लिहिलंय. मी दुसऱ्या बाजूनं बोलतो आणि जरा कडक बोलतो, माफ करा.

आमची बिल्डिंग रामदासपेठेत, आठ मजली, १९८२ ची, जाळी बिळी सगळं आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना रात्री अटॅक आला, आम्ही आठव्या माळ्यावर. अँब्युलन्स पंधरा मिनिटात आली. स्ट्रेचर लिफ्टमधे शिरेना. लिफ्ट चार माणसांची, १९८२ मधे कोणी स्ट्रेचरचा विचार केला नव्हता. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. शेवटी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीनं बांधून, चार जणांनी १४२ पायऱ्या उतरवलं. जिन्यात दुकानवाल्यांची खोकी होती ती पायानं सरकवत. खाली पोचेपर्यंत उशीर झाला होता.

म्हणून मला जेव्हा कोणी जुन्या बिल्डिंगच्या हवेशीरपणाबद्दल सांगतं तेव्हा मला ती खुर्ची दिसते. काँक्रीट दुरुस्त होतं हो, कॉलमला जॅकेट घालता येतं, मान्य. पण एकच जिना आहे, दुसरा कुठून आणणार? लिफ्टचा खड्डा रुंद कसा करणार? आग लागली तर नवव्या माळ्यावरची माणसं कुठून उतरणार? २००६ च्या फायर ॲक्टप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यायचा असतो, तुमच्या बिल्डिंगनं शेवटचा कधी दिला ते विचारा मीटिंगमधे. बेसमेंटमधे वीजेचं पॅनल आणि गोदामं एकत्र, ताई, ते २०२३ मधे पाण्यानं भरलं, उद्या धुरानं भरलं तर?

तुमच्या आईचं वय ७४, गुडघे गेलेले, सातवा माळा. मी तुमच्या जागी असतो तर बिल्डिंग वाचवायची की नाही हा प्रश्नच दुसरा ठेवला असता. आई खाली कशी उतरेल हा पहिला.

बर्डी_दुकान

आमचं दुकान अशाच बिल्डिंगमधे आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या. तिसरी पिढी. फ्लॅटवाल्यांना ३६ महिने म्हणजे भाड्याच्या घरात राहणं, आम्हाला ३६ महिने म्हणजे गिऱ्हाईक गेलं. बर्डीत माणूस ठरलेल्या दुकानात येतो, ते दिसलं नाही तर शेजारच्यात जातो आणि मग तिथलाच होतो. शिवाय नवीन बिल्डिंगमधे रोडवरचं दुकान रोडवरच मिळेल हे कोणी लिहून देत नाही, पार्किंगसाठी खालचा माळा घेतात आणि दुकानं वर चढवतात. पहिल्या माळ्यावरच्या दुकानाचा धंदा किती होतो ते आजूबाजूची कॉम्प्लेक्स पाहा. म्हणून दुकानवाले विरोध करतील तेव्हा ते आडमुठे आहेत असं समजू नका. मात्र दुरुस्तीचे पैसे देताना पण आमच्यातलेच लोक मागे सरकतात हे खरं आहे, आमच्याकडे तेच झालं, आणि ते चूक आहे. बेसमेंटमधला माल तर आधी काढायलाच पाहिजे.

सातवा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. १४२ पायऱ्यांवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आपल्या घोष काकूंना पण असंच खुर्चीत उतरवलं होतं, तू हॉस्टेलला होतीस. मला हे माहीतच नव्हतं.

खडी वाळू दादा, दोन प्रश्न. रिपोर्ट परत काढून पाहिला, तुम्ही म्हणालात तसंच, हॅमरच्या ६० रीडिंग आहेत आणि अल्ट्रासॉनिक फक्त ८ ठिकाणी, कोअर एकही नाही, कार्बोनेशन नाही, बेसमेंटचा एकही फोटो नाही. मग १ कोटी ९० लाखाचा आकडा त्यांनी काढला कशावरून? आणि दुसरं, लिफ्ट आणि जिन्याचं काही होऊ शकतं का, की पायऱ्या दादा म्हणतात तसं ते जन्मभर तसंच?

खडी_वाळू

आकडा स्क्वेअर फुटावर काढला असणार, एकूण बिल्टअपला एक रेट लावायचा, झालं. नुकसान न मोजता काढलेला अंदाज दुप्पट पण असू शकतो आणि अर्धा पण. बेसमेंट न पाहता नऊ मजल्याला सी२-बी देणं हे मला अजिबात आवडलं नाही. तिथले कॉलम सगळ्यात जास्त लोड घेतात आणि तेच दोन वर्षांपूर्वी गढूळ पाण्यात बुडाले होते. गोदामं खाली करा, प्लास्टर काढून कॉलम उघडे करा, निदान सहा आठ कोअर घ्या. कोअर सळई कापणार नाही अशा जागी घ्यायला सांगा, आधी स्कॅन करून.

पायऱ्या दादांनी लिहिलं त्यावर उत्तर देताना जड जातंय, त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. थोडं होतं, सगळं होत नाही. लिफ्टचा खड्डा आतून मोजा, काही ठिकाणी जुन्या मशीनचा काउंटरवेट (लिफ्टला तोल देणारं वजन) मागे असतो तो बाजूला घेऊन नवीन गाडी जास्त खोल बसवता येते, मी दोन ठिकाणी पाहिलंय. मागच्या मार्जिनमधे (बिल्डिंग आणि कंपाउंडमधली मोकळी जागा) जागा असेल तर बाहेरून लोखंडी जिना आणि स्ट्रेचरची लिफ्ट जोडता येते, स्वतंत्र पायावर, जुन्या बिल्डिंगवर लोड न टाकता. परवानगी घ्यावी लागेल. मार्जिनच नसेल तर नाही होणार, आणि मग मी पण तुम्हाला दुरुस्तीच करा असं छातीठोक सांगणार नाही. पॅनल मात्र बेसमेंटमधून वर आणा, मीटिंग काहीही ठरवो. ते उद्यापासून सुरू करण्यासारखं काम आहे.

पायऱ्या_१४२

बाहेरून लिफ्ट जोडता येते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या मागे साडेचार मीटर आहे. खडी वाळू साहेब, तुम्हाला मेसेज करतो.

नकाशा_मंजुरी

ताई मंजूर नकाशाची प्रत नसेल तर महापालिकेत माहिती अधिकारात मागा, मागच्या मार्जिनचा आकडा त्यातच सापडेल. आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट महापालिका कायद्याच्या २६५-अ कलमाखाली बंधनकारकच आहे, तर दुसऱ्या ऑडिटला कोणी "कशाला परत खर्च" म्हटलं तर हे सांगा.

सातवा_मजला

अपडेट द्यायला आले. मीटिंग साडेतीन तास चालली, गच्चीवरच घेतली. ५३ पैकी ४१ आले, एवढे कधीच आले नव्हते. मी बिल्डरला नकाशा मंजुरी दादांचं गणित विचारलं, आमच्या प्लॉटचे खरे आकडे घालून. तो म्हणाला ते आमचे आर्किटेक्ट बघतील. बँक गॅरंटीवर म्हणाला विश्वास ठेवायला शिका. त्यावर आमच्या नवव्या माळ्याच्या आजोबांनी, जे पहिल्यापासून पाडायच्या बाजूनं होते, त्यांनीच उठून सांगितलं की लेखी आणा मग बोलू.

पाडायचं की ठेवायचं यावर मत घेतलंच नाही. ठरलं ते एवढंच: प्रत्येकी सहा हजार काढून नवीन ऑडिट, कोअर आणि कार्बोनेशनसकट, दुसऱ्या इंजिनियरकडून. बेसमेंट १५ दिवसात रिकामं, यावर दुकानवाल्यांशी आवाज चढले पण त्यांच्यातल्याच एका काकांनी सर्वात आधी हो म्हटलं. पॅनल पहिल्या माळ्याच्या लँडिंगवर. मागचं मार्जिन आम्ही टेप लावून मोजलं, ३ मीटर ९०, त्यात एका बाजूला सेप्टिक टँकचं झाकण आहे. लिफ्ट बसेल की नाही माहीत नाही, मंगळवारी माणूस येतोय बघायला.

आई मीटिंगला वर आली होती, खुर्चीवर बसून होती, शेवटी एकच बोलली की यंदा कोणीच छज्जावर कूलर ठेवायचा नाही. आमचा आज काढला. स्टँडचे बोल्ट गंजून काँक्रीटमधेच तुटले, खाली हाताएवढा तुकडा निघून आला. तो मी फिनॉल्फ्थॅलिनसाठी ठेवून दिलाय, पण खडी वाळू दादा, तो ताजा फोडलेला पाहिजे ना? की चालेल?